खाणकामगारांना स्वतःचे छप्पर मिळवून देणारे धर्मगुरू : फादर जिमी टॉम्पकिन्स

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने एकदा घर बांधायला काढले त्याला या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जागेचा भाव, कर्जाचे हप्ते, कागदपत्रांच्या खेपा आणि शेवटी हातात न उरलेला पैसा, हे सगळे त्याने भोगलेले असते. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांनी तर घराचे स्वप्नही पाहू नये, अशी आजची परिस्थिती आहे. आपल्या धर्मग्रामातही अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत राहतात. अकरा महिन्यांचा करार संपला की त्यांना पुन्हा नवी खोली शोधावी लागते.

अशा वेळी एका धर्मगुरूची आठवण करावीशी वाटते. कॅनडा देशातील नोव्हा स्कोशिया प्रांतात होऊन गेलेले फादर जेम्स जॉन टॉम्पकिन्स यांना सारे जण फादर जिमी म्हणून ओळखत. त्यांनी स्वतः एकही इमारत बांधली नाही आणि त्यांच्यापाशी पैसाही नव्हता. तरीही त्यांच्या धर्मग्रामातील खाणकामगारांनी 1938 साली स्वतःच्या हातांनी अकरा घरे उभी केली आणि त्या वस्तीला आपल्या धर्मगुरूचे नाव दिले. त्या अकरा घरांमागची कथा मात्र बरीच आधी सुरू होते.

मार्गारीचा मुलगा

फादर जिमींचा जन्म 1870 साली केप ब्रेटन बेटावरील मार्गारी या खेड्यात झाला. त्या भागात शेती आणि मासेमारी हीच उपजीविकेची साधने होती. थंडी कडाक्याची, जमीन बेताची आणि घरात माणसे बरीच. हुशार मुलाला शिकायचे असेल तर काही काळ शाळेत शिकवायचे, थोडे पैसे गाठीला बांधायचे आणि मग पुढच्या वर्गात जायचे, अशी तेव्हाची रीत होती. जिमीही असेच शिकले. अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर कॉलेजातून ते पुढे धर्मगुरुपदाच्या शिक्षणासाठी रोमला गेले. 1902 साली रोममध्येच त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

तेव्हा पोप लिओ तेरावे ख्रिस्तसभेचे प्रमुख होते. 1891 साली त्यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले होते. कामगाराला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे आणि थोडीतरी मालमत्ता त्याच्या नावावर असावी, हा विचार त्यात मांडलेला होता. त्या काळातील अनेक धर्मगुरूंनी हे परिपत्रक वाचले आणि कपाटात ठेवले. फादर जिमींच्या मनात मात्र ते ठाण मांडून बसले.

रोमहून परतल्यावर ते आपल्याच कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे उपप्राचार्य झाले. अंगाने किरकोळ, उंची बेताची, पण एका जागी बसणे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या खिशात नेहमी वर्तमानपत्रांची कात्रणे आणि पुस्तिका कोंबलेल्या असत. वाटेत जो भेटेल त्याच्या हातात एखादी पुस्तिका द्यायची आणि पुढच्या भेटीत ती वाचली का म्हणून विचारायचे, हा त्यांचा परिपाठ. काही लोक त्यांना लांबून येताना पाहून रस्ता बदलत असत, तर काहींचे आयुष्यच त्या पुस्तिकेने बदलून जात असे. त्यांचे मावसआते नात्यातले धाकटे बंधू मोझेस कोडी हे त्या दुसऱ्या गटातले. त्यांना शिकायला प्रवृत्त करणारे फादर जिमीच होते. तेही पुढे धर्मगुरू झाले आणि या कथेत आपल्याला ते पुन्हा भेटणार आहेत.

कॉलेज कोणासाठी?

फादर जिमींना एक प्रश्न सतत टोचत असे. शेतकरी, कोळी आणि खाणकामगार आपल्या घामाच्या पैशातून कॉलेज चालवतात. त्यांच्यातील मूठभर मुले शिकतात आणि मोठ्या शहरांत किंवा अमेरिकेत निघून जातात. मागे उरलेल्यांना कॉलेजचा काय उपयोग? डेन्मार्कमधील शेतकऱ्यांच्या लोकशाळा, इंग्लंडमधील कामगारांचे शिक्षणवर्ग, क्वेबेकमध्ये आल्फोन्स देजार्दां यांनी 1900 साली सुरू केलेल्या पतपेढ्या, या सगळ्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. 1921 साली त्यांनी लोकांसाठी ज्ञान या विषयावर एक पुस्तिका काढली. कॉलेजने चार भिंतींबाहेर पडून प्रौढ लोकांना शिकवावे, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी अँटिगोनिशमध्ये लोकशाळा भरली आणि पन्नासच्या आसपास प्रौढ शेतकरी व कामगार कॉलेजच्या बाकांवर येऊन बसले. शिकण्यासाठी वयाची किंवा पूर्वीच्या शिक्षणाची अट नव्हती.

पुढच्याच वर्षी मात्र वादळ उठले. त्या भागातील छोटी छोटी कॉलेजे एकत्र आणून हॅलिफॅक्स शहरात एक मोठे विद्यापीठ करावे, अशी योजना पुढे आली होती. अमेरिकेतील कार्नेगी संस्था त्यासाठी मोठी रक्कम द्यायला तयार होती. फादर जिमींनी या योजनेची उघड बाजू घेतली. बिशप जेम्स मॉरिसन यांना ती मान्य नव्हती. वाद वाढला आणि 1922 च्या डिसेंबरात फादर जिमींची कॉलेजातून बदली झाली. त्यांना कॅन्सो नावाच्या दूरच्या कोळीवाड्यात धर्मगुरू म्हणून पाठवण्यात आले.

त्या वेळी ते बावन्न वर्षांचे होते. वीस वर्षे ज्या संस्थेसाठी रक्त आटवले तिचे दार बंद झाले होते. ही बदली म्हणजे शिक्षा आहे, हे सगळ्यांना कळत होते. त्यांना स्वतःलाही हा घाव खोल लागला. पण त्यांनी आज्ञा मोडली नाही. सामान बांधले, पुस्तके बांधली आणि ऐन हिवाळ्यात ते कॅन्सोला गेले.

कोळीवाड्यातली शाळा

कॅन्सो हे नोव्हा स्कोशियाच्या मुख्य भूमीचे अगदी पूर्वेचे टोक. पुढे अटलांटिक महासागर. तेथील चर्च सागरतारा मरियेच्या नावाचे. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना तिथले जिणे लगेच ओळखीचे वाटेल. कॉड मासा आणि शेवंड भरपूर सापडत, पण भाव ठरवणार व्यापारी. जाळी, दोरखंड, पीठ आणि चहा उधारीवर देणाराही तोच व्यापारी. हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि कोळ्याच्या नावावर कर्जच शिल्लक राहायचे. त्यात वाफेवर चालणारे मोठे ट्रॉलर आले आणि लहान होड्यांची मासळी कमी होऊ लागली.

फादर जिमींनी तेथे काही मोठी संस्था काढली नाही. ते धक्क्यावर जाऊन उभे राहत, कोळ्यांशी बोलत, त्यांना प्रश्न विचारत. शेवंडाला बोस्टनच्या बाजारात काय भाव मिळतो? तुम्हाला किती मिळतो? मधला पैसा कोण घेतो? ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ते वाचून दाखवत. लोक स्वतः हिशेब करू लागले की ते दुसरा प्रश्न घेऊन येत. पाचसहा वर्षे हे असेच चालले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते की या माणसाच्या हातून काहीच घडत नाही.

1 जुलै 1927 रोजी कॅनडा राष्ट्र साठ वर्षांचे झाले. देशभर उत्सव होता. कॅन्सोचे कोळी मात्र एकत्र जमले आणि आपण कशाचा आनंद साजरा करायचा, असा सवाल त्यांनी जाहीरपणे केला. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली. धर्मप्रांतातील इतर धर्मगुरूही कोळ्यांच्या पाठीशी उभे राहिले. सरकारला चौकशीसाठी राजआयोग नेमावा लागला. फादर मोझेस कोडी यांनी आयोगापुढे साक्ष दिली. 1928 साली सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन केला आणि फादर कोडी त्याचे संचालक झाले. सहा वर्षांपूर्वी ज्या कल्पनेची कोणी दखल घेत नव्हते, ती आता विद्यापीठाने स्वीकारली होती. संचालकपद मात्र फादर जिमींच्या वाट्याला आले नाही. ते कॅन्सोतच राहिले. शेजारच्या लिटल डोव्हर या अतिशय गरीब वस्तीतील कोळ्यांनी त्यांच्या मदतीने शेवंड डबाबंद करण्याचा स्वतःचा कारखाना उभारला. त्यासाठी लागणारे लाकूड त्यांनी स्वतः जंगलातून तोडून आणले.

या चळवळीची पद्धत साधी होती. आठदहा शेजाऱ्यांनी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आठवड्यातून एकदा जमायचे आणि एक विषय घेऊन तो शिकायचा. त्याला अभ्यास मंडळ म्हणत. अभ्यासातून पतपेढी निघे, पतपेढीतून सहकारी भांडार किंवा मासळीची सहकारी संस्था निघे. पुढील दहा वर्षांत पूर्व कॅनडात अशी हजाराहून अधिक मंडळे झाली. जग त्याला अँटिगोनिश चळवळ म्हणून ओळखू लागले.

कंपनीचे घर

1935 साली फादर जिमींची पुन्हा बदली झाली. या वेळी त्यांना रिझर्व्ह माइन्स या कोळशाच्या खाणीच्या गावी पाठवले. ते पासष्टीला टेकले होते. बहुतेक माणसे या वयात विश्रांती घेतात. त्यांनी गेल्या गेल्या आपल्या राहत्या घरात लोकांचे वाचनालय उघडले.

केप ब्रेटनच्या खाणकामगारांचा इतिहास दुःखाचा होता. खाण कंपनीची, घर कंपनीचे आणि बरीच वर्षे दुकानही कंपनीचेच. घरभाडे, कोळसा आणि दुकानाची उधारी पगारातून परस्पर कापली जाई. कधीकधी पगाराच्या पाकिटात काहीच उरत नसे. 1909 च्या संपात ग्लेस बे परिसरातील संपकऱ्यांच्या कुटुंबांना कंपनीने घराबाहेर काढले होते. 1925 साली न्यू वॉटरफोर्डमध्ये कंपनीच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि विल्यम डेव्हिस हा खाणकामगार ठार झाला. त्यानंतर लोकांच्या संतापात कंपनीची दुकाने लुटली गेली, जाळली गेली. दुकाने गेली, पण घरे कंपनीचीच राहिली.

ही घरे म्हणजे जोडघरे. एकाच छपराखाली दोन कुटुंबे, मध्ये पातळ भिंत. कित्येक घरांना तळघर नाही, आत न्हाणीघर नाही. वारा फटीतून आत येई. पण खरा त्रास वेगळाच होता. ज्याच्या घराची किल्ली मालकाच्या हातात असते, तो मालकापुढे ताठ मानेने बोलू शकत नाही. काम गेले की छप्परही गेले, ही भीती प्रत्येक आईच्या मनात असे.

रिझर्व्ह माइन्समध्ये पतपेढी आणि सहकारी भांडार सुरू झालेले होते. काही खाणकामगारांनी, त्यांत जो लेबन हे पुढे होते, घराचा विषय काढला. आम्ही पैसे साठवायला शिकलो, दुकान चालवायला शिकलो, मग घर का बांधू नये? फादर जिमींना हेच हवे होते. नवे अभ्यास मंडळ सुरू झाले.

अडलेले गाडे

उत्साह होता, पण वाट सापडेना. नोव्हा स्कोशिया सरकारने 1932 साली गृहनिर्माण आयोग नेमण्याचा कायदा केला होता. घराच्या खर्चाच्या पाऊण हिश्शापर्यंत कमी व्याजाचे आणि लांब मुदतीचे कर्ज त्यातून मिळू शकत होते. परंतु ते एकट्या माणसाला मिळत नव्हते. त्यासाठी संस्था हवी होती आणि उरलेला पाव हिस्सा त्या संस्थेने आधी उभा करायचा होता. खाणकामगाराने एवढी रोकड आणायची कोठून? कायदा गरिबांच्या घरांसाठी होता आणि गरीब माणूसच त्याच्या दारात अडकला होता.

1937 साली मेरी आर्नल्ड नावाची एक अमेरिकन बाई ही चळवळ पाहायला आली. न्यूयॉर्कमध्ये तिने सहकारी उपाहारगृहे चालवली होती आणि सहकारी तत्त्वावर निवासी इमारतही उभी केली होती. ती पाहुणी म्हणून आली होती. फादर जिमींनी तिला पाहुणी राहू दिले नाही. आमच्या कामगारांना घरे बांधायची आहेत आणि तुम्हाला घरबांधणीतले कळते, तेव्हा आता इथेच राहा, असा त्यांनी हट्ट धरला. ती आणि तिची मैत्रीण मेबल रीड तिथे राहिल्या.

येथे फादर जिमींचा मोठेपणा नीट पाहण्यासारखा आहे. त्यांना विटा, लाकूड, नळजोडणी यांतले विशेष काही कळत नव्हते. ते आपल्याला कळते असा आव त्यांनी आणला नाही. ज्याला जे येते त्याला शोधायचे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्याशी त्याची गाठ घालून द्यायची, एवढेच त्यांनी केले. विद्यापीठाच्या विस्तार विभागाने अभ्यासाचे साहित्य आणि माणसे दिली. पतपेढीने बचतीची शिस्त दिली. आर्नल्डबाईंनी हिशेब आणि बांधकामाचा अनुभव दिला. सरकारच्या आयोगाने कर्ज दिले. कामगारांनी आपले हात दिले. यांपैकी एकालाही नफा कमवायचा नव्हता आणि यांपैकी एकालाही एकट्याने हे काम जमले नसते.

आणि पाव हिश्शाच्या प्रश्नाला उत्तर सापडले ते इथेच. कामगारांकडे रोकड नव्हती, पण श्रम होते. पाया खणणे, भिंती उभारणे, छप्पर घालणे हे त्यांनी स्वतः केले, तर त्या मजुरीची किंमत त्यांचा हिस्सा म्हणून धरावी, अशी मागणी करण्यात आली. सरकारने ती मान्य केली. घामाला पैशाची किंमत आली.

पुठ्ठ्याची घरे आणि खरी घरे

बांधकामाला हात लावण्यापूर्वी कित्येक महिने अभ्यास चालला. खाणीतून काळवंडून आलेली माणसे संध्याकाळी वही घेऊन बसत. गहाणखत म्हणजे काय, व्याज कसे मोजतात, लाकडाचा भाव काय, कर किती, विमा कशाला, एका कुटुंबाने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी काय करायचे, अशा एकेका प्रश्नाचा त्यांनी उलगडा केला. बायकाही या अभ्यासात होत्या. घरात दिवसभर राबणारी ती असल्याने स्वयंपाकघर कसे असावे, चूल कोठे, खिडकी कोठे, हे तिच्याइतके कोणाला कळणार? प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराची पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती तयार केली. कागदावरच्या रेघा न समजणाऱ्यालाही आपले घर डोळ्यांनी दिसू लागले. भिंत सरकवायची तर ती पुठ्ठ्यातच सरकवलेली बरी, हे शहाणपण त्यामागे होते.

1938 साली काम सुरू झाले. पाळी संपवून माणसे थेट बांधकामावर येत. जाणत्या सुताराच्या देखरेखीखाली ती लाकूडकाम शिकली. दिवसभर जमिनीखाली कोळसा खणायचा आणि संध्याकाळी जमिनीवर पाया खणायचा, असे ते दिवस होते. काम सगळ्यांनी सगळ्यांच्या घरांवर करायचे, असा नियम होता. त्यामुळे अकराच्या अकरा घरे बरोबरीने वर येत गेली. तळघर, पक्का पाया, आत न्हाणीघर आणि बाहेर भाजीपाल्यापुरती जमीन, असे घर त्या लोकांनी यापूर्वी पाहिले होते ते खाणीच्या अधिकाऱ्याचे.

कर्ज संस्थेच्या नावावर होते. सर्वांनी मिळून ते फेडायचे आणि फिटल्यावर प्रत्येकाचे घर त्याच्या नावावर करायचे, अशी व्यवस्था होती. एकाचा हप्ता अडला तर तो सर्वांचा प्रश्न होता. म्हणूनच मंडळात कोणाला घ्यायचे आणि एकमेकांना कसे सांभाळायचे, याचा अभ्यास विटालाकडांच्या अभ्यासाइतकाच महत्त्वाचा होता. वस्तीला नाव कोणते द्यायचे, यावर फार चर्चा करावी लागली नसणार. ती टॉम्पकिन्सव्हिल झाली.

या अकरा घरांपासून नोव्हा स्कोशियात सहकारी घरबांधणीची प्रथा पडली. जो लेबन पुढे विद्यापीठाच्या विस्तार विभागातर्फे गावोगाव जाऊन इतर कामगारांना हेच शिकवू लागले. त्यानंतरच्या तीन दशकांत त्या प्रांतात याच पद्धतीने हजारो घरे उभी राहिली. दहाबारा कुटुंबांचा गट, आधी अभ्यास, मग श्रम, सरकारी कर्ज आणि सामाईक जबाबदारी, हा नमुना टॉम्पकिन्सव्हिलचाच होता.

जे जमले नाही

थोरांची चरित्रे सांगताना फक्त यश सांगण्याचा मोह होतो. फादर जिमींना तो आवडला नसता. या योजनेलाही मर्यादा होत्या. ज्याला थोडीफार नियमित मजुरी आहे त्यालाच दरमहा हप्ता भरता येत होता. पूर्ण बेकार माणूस, आजारी माणूस, लहान मुले पदरी असलेली विधवा यांना या पद्धतीने घर मिळवणे फार अवघड होते. एका गटात दहाबारा कुटुंबेच मावत. त्यामुळे काम सावकाश चाले. पुढे काळही बदलला. कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. 1992 साली कॅनडा सरकारला अटलांटिक किनाऱ्याच्या मोठ्या भागात कॉडच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. ज्या धंद्यांवर ही गावे उभी होती तेच धंदे कोसळले. सहकारी संस्था त्यांना वाचवू शकल्या नाहीत.

फादर जिमींच्या स्वभावातही दोष होते. ते उतावळे होते. ज्याला त्यांचे म्हणणे पटत नसे त्याच्यावर ते चिडत. त्यांच्या मागे लागण्याने कित्येक जण दुखावले गेले. पण ज्या गोष्टीसाठी ते मागे लागत तिच्यात त्यांचा स्वतःचा लाभ काडीचाही नव्हता, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य होते.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. 1953 साली अँटिगोनिश येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू फादर कोडी 1959 साली वारले. त्याच वर्षी सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात त्यांच्या नावाने कोडी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांतून, आपल्या भारतातूनही, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक कार्यकर्ते तेथे शिकून आले आणि त्यांनी आपापल्या भागात बचत गट व सहकारी संस्था उभ्या केल्या. कॅन्सोच्या धक्क्यावर सुरू झालेली शाळा अशी सातासमुद्रापार पोहोचली.

आपल्यापुरते

सहकार हा शब्द आपल्याला परका नाही. 1918 साली वसईत मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथलिकांची पतसंस्था सुरू केली, तीच आज बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाते. त्या काळी सावकाराच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांना तिचा आधार झाला. म्हणजे कॅन्सोच्या कोळ्यांआधी काही वर्षे आपल्या पूर्वजांनी ही वाट धरली होती. सहकारी गृहनिर्माण संस्थाही आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. परंतु आपल्या बहुतेक सोसायट्या बिल्डरने इमारत बांधून झाल्यावर जन्माला येतात. शेजारी एकमेकांना ओळखतात ते पाणीपट्टी आणि गाडी लावण्याच्या भांडणातून. रिझर्व्ह माइन्सच्या लोकांनी क्रम उलटा ठेवला होता. आधी शेजारी झाले, मग शिकले, मग घर बांधले.

आजचे जमिनीचे भाव पाहता केवळ श्रमांच्या बळावर घर उभे राहील, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण काही गोष्टी आपल्याला आजही करता येतील. सरकारी घरकुल योजनांची माहिती घेऊन अर्ज भरायला मदत करणारे चार तरुण आपल्या धर्मग्रामात नक्कीच आहेत. घर घेण्यापूर्वी कागदपत्रे तपासून देणारे वकील आहेत, बँकेत काम केलेले निवृत्त कर्मचारी आहेत, बांधकामातले जाणकार आहेत. संत विन्सेंट डी पॉल संस्था, महिला मंडळ, युवक मंडळ, पतपेढी हे सगळे आपापल्या जागी चांगले काम करतात. ही मंडळी महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसली आणि भाड्याने राहणारी पाचदहा कुटुंबेही त्यांच्यासोबत बसली, तर कोणाला काय हवे आणि कोणाकडे काय आहे हे तरी कळेल.

अशा बैठकीत पहिल्या दिवशी काही घडणार नाही. कदाचित वर्षभर काही घडणार नाही. फादर जिमींना कॅन्सोत पाचसहा वर्षे थांबावे लागले होते. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात गप्पा मारताना आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला, तुमचा भाडेकरार कधी संपतो, एवढे जरी आपण विचारले तरी सुरुवात होईल. फादर जिमींनीही धक्क्यावर उभे राहून असाच एक साधा प्रश्न विचारला होता.